डावीकडची चटणी, पातेल्यातला मसाला

मी सोलापूर सोडलं त्या दिवशी आमच्या घरात शेवटचं भांडण झालं ते शेंगाचटणीवरून. खरंच सांगते. बाहेर रिक्षा उभी, रिक्षावाला हॉर्न मारतोय, मी पासपोर्ट सारखा चाचपून बघतेय आणि आई-पप्पा दोघं फरशीवर माझ्या उघड्या बॅगेच्या दोन बाजूंना बसलेत. वजन जास्त भरत होतं. काहीतरी एक काढायला लागणार होतं. पप्पांनी चटणीचं पाकीट धरून ठेवलेलं, आईनं मसाल्याचं.

"पोरीनं तिकडं काय कोरडं कोरडं खायचं व्हय?" पप्पा म्हणाले.

"चटणीला काय लागतंय? शेंगा, तिखट, मीठ, लसूण. कुटंबी कुटून खाईल ती. मसाला कोण देणार हाय तिला तितं?"

"अगं, विमानातनं उतरल्या उतरल्या मसाला चाटणार हाय का ती? चटणी असली की पावाला तरी लावता येती."

"म्हणूनच नको. चटणी दिली की ही रांधणारच न्हाय. पावाला लावून लावून दिवस काढंल. ओळखते मी हिला."

आई जिंकली. पप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, कसलंही बंद पडलेलं इंजिन चालू करतात, पण आईपुढं त्यांचं काही चालल्याचं मला आठवत नाही. तरी रिक्षात बसताना त्यांनी ते पाकीट माझ्या हातात कोंबलंच. पुण्यापर्यंतच्या बसमध्ये मी ते बोटानं खाऊन संपवलं. नाक लाल, डोळे लाल. शेजारच्या काकूंना वाटलं चटणी लई तिखट आहे. बरं झालं, तसंच वाटू दे.

आता हे वाचून ज्यांना वाटतंय की ह्यात भांडण्यासारखं काय आहे, मसाला काय आणि चटणी काय, शेवटी दोन्ही तिखटच की, त्यांच्यासाठी आमच्या घरचा कायदा सांगते. ताटाला डावी बाजू असते आणि उजवी बाजू असते, हे सगळ्यांकडंच असतं. डावीकडं मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कांदा. उजवीकडं भाजी, आमटी. आमच्याकडं ह्याच्यापुढं अजून एक होतं. डावी बाजू खाणाऱ्याची आणि उजवी रांधणाऱ्याची. डावीकडचं किती घ्यायचं, कशाला लावायचं, घ्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण मसाला एकदा तेलात पडला, परतला, त्याच्यावर पाणी पडलं की तो आईचा. तो परत काढता येत नाही. पप्पांना कमी, मला जास्त असं काही नाही. सगळ्यांनी एकच खायचं, तिनं ठरवलेलं.

आणि भाजीचा पहिला घास पोटात जायच्या आत कुणाचा हात चटणीकडं गेला की संपलंच. "चाखायच्या आदीच कळलं व्हय तुला माझी भाजी बेचव हाय ते?" आम्ही घाबरून असायचो. वळसंगचा धाकटा मामा मात्र मुद्दाम करायचा. ताट समोर आलं रे आलं की चटणीचा मोठा गोळा उचलायचा आणि म्हणायचा, "आक्का, भाजी चांगलीच असणार, पण माझा भरवसा चटणीवर हाय."

"मग चटणीच खा. उठ तितनं, भाजी शेजारी देऊन येते."

तो उठायचा नाही, ती पण द्यायची नाही. दोन वाट्या जास्त खाऊन जायचा.

ती स्वतः तर चटणीला शिवायचीसुद्धा नाही. शेंगाचटणी करायची एक नंबर, खलबत्त्यात कुटून कुटून शेंगांना तेल सुटेपर्यंत, पण स्वतःच्या ताटात घ्यायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी रांधलेलं मीच दुरुस्त करून खाऊ व्हय?"

(बार्शीच्या माझ्या मैत्रिणीचा मेसेज येणारच आहे की अगं, काळा मसाला कच्चाच, वर तेल घालून भाकरीबरोबर खातातच की आपल्याकडं, मग तो चटणी नाही झाला का? झाला गं बाई. घरात भाजी नसते तेव्हा मसाला उठून डावीकडं येऊन बसतो. आणि चटणी भरल्या वांग्यात घातली की ती उजवीकडं जाते. म्हणजे डब्यात काय आहे ह्याच्यावर काही नसतं. कोण घालतंय आणि कधी घालतंय, सगळं त्याच्यावर. हे मला तिकडं असताना कधी कळलं नव्हतं. इथं येऊन कळलं.)

इथं म्हणजे डॉर्टमुंड. जर्मनी. मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, आणि पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये ट्रे घेऊन बसले तर समोर उकडलेला बटाटा, उकडलेला फ्लॉवर आणि काहीतरी पांढरं. मी पहिला घास खाल्ला आणि मला वाटलं काहीतरी टाकायचं विसरलेत बिचारे. मग बघितलं तर टेबलावर मधोमध बाटल्याच बाटल्या. मोहरीचा सॉस, टोमॅटोचा सॉस, मिरपूड, मीठ, अजून एक गोड पिवळं काहीतरी. सगळे शांतपणे आपापल्या बाटल्या उचलत होते आणि आपापल्या ताटात आपापली चव तयार करत होते. म्हणजे अख्खी उजवी बाजूच रिकामी आणि सगळा खेळ डावीकडं!

खरं सांगू? मला लई आवडलं. अगदी मोकळं वाटलं. कुणी बघत नाही, कुणाला राग येत नाही. मला पाहिजे तेवढं तिखट मी घेणार, शेजारच्यानं नाही घेतलं तर त्याचं तो बघेल. सोलापुरात मी चटणीकडं हात नेताना आईच्या चेहऱ्याकडं बघायचे, आणि इथं मला बाटली उलटी करून बुडावर थापट्या मारायची सवय लागली. आईनं ओळखलं होतं ते बरोबरच होतं, पहिले कितीतरी महिने मी रांधलंच नाही. तो मसाला कपाटात तसाच.

माझ्याबरोबर फ्लॅटमध्ये मार्ता राहते. पोलंडची आहे, नर्स आहे, माझ्यासारखीच घर सोडून आलेली. तिनं एकदा कपाटात ते पाकीट बघितलं, वास घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. मी म्हटलं घे की, वापर. आणि मी बाथरूममध्ये जाऊन येईपर्यंत बाईनं उकडलेल्या बटाट्यावर मिरपूड भुरभुरवतात तसा चमचाभर काळा मसाला भुरभुरवून खाल्लासुद्धा. मग जे खोकली, जे खोकली! पाणी प्यायली, दूध प्यायली आणि मला म्हणाली, वास एवढा छान आणि चव मातीसारखी, हे असं कसं? मी हसून हसून खाली बसले. आणि मग तिला समजवायला गेले तर मला समजवताच येईना. तो वरून घालायचा नसतो गं. त्याला तेल लागतं, धीर लागतो, तो शिजल्यावर उघडतो. ती म्हणाली, दाखव मग. म्हणून त्या रविवारी मी पहिल्यांदा आमटी केली. तुरीची डाळ शहराच्या त्या टोकाला एका श्रीलंकन दुकानात मिळाली. मसाला तेलात पडला आणि आमच्या त्या पांढऱ्या, गुळगुळीत, कसलाही वास नसलेल्या किचनमध्ये एकदम आमची गल्ली येऊन उभी राहिली. मार्ता दोन वाट्या प्यायली. आमटी पितात हे मी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच कळलं.

तेव्हापासून रविवारी मी रांधायला लागले. माझी सकाळ म्हणजे त्यांची जेवायची वेळ. पप्पा फोन तांब्याला टेकवून उभा करतात, त्यामुळं मला दोघांचे चेहरे अर्धे दिसतात आणि ताटं मात्र पूर्ण दिसतात. नेटवर्क गेलं की चेहरे गोठतात, पण ताटात काय आहे ते कळतंच.

गेल्या थंडीत आई आजारी पडली. ताप, सर्दी, आठवडाभर अंथरुणात. मग बरी झाली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि पुढच्याच रविवारी मला तिच्या ताटात चटणी दिसली.

मी खिदळलेच. "काय गं आई! आज भाजी बिघडली वाटतं?"

"बिघडली न्हाय. सहज घेतली."

पुढच्या रविवारी चटणी, शिवाय कच्चा कांदा. त्याच्या पुढच्या रविवारी चटणी, कांदा, लिंबू आणि तळलेली मिरची, आणि चटणीचा ढीग भाजीपेक्षा मोठा. डावी बाजू भरून वाहतेय आणि उजवीकडं वाटीला हातसुद्धा नाही लावलेला. मी मामाला मेसेज टाकला, अरे आक्का तुझ्या पार्टीत आली! मामानं हसायचे इमोजी पाठवले. आम्हाला कुणालाच काही कळलं नाही.

मग एकदा ती बोलता बोलता म्हणाली, "यंदा मसाला विकतचा आणावा म्हणते. चांगला मिळतोय आता दुकानात. कोण उन्हाचं भाजत बसणार?"

आमच्याकडं मसाला उन्हाळ्यात वर्षाचा होतो. धने, तीळ, खोबरं, दगडफूल, लवंग, मिरी, मिरच्या, एकेक वेगळं भाजून मग कांडपाला जातं. माझ्या दहावीच्या वर्षी झाला, पप्पांचा हात गाडीखाली सापडून प्लास्टरमध्ये होता त्या वर्षी पण झाला. आणि ही विकतचा म्हणतेय. मी तिच्या ताटाकडं बघितलं. चटणी, कांदा, लिंबू, मिरची. तिखट, आंबट, खारट, कुरकुरीत. आणि मला एकदम तो ताप आठवला.

"आई, तुला वास येतोय ना?"

पप्पा आपल्या ताटात भाकरी मोडायला लागले, मोडलेली भाकरी परत मोडायला लागले.

"आई."

"जेव तू. गार व्हईल तुझं."

"आई, सांग की!"

"न्हाय येत," ती म्हणाली. "तापानंतर गेला तो गेलाच. तिखट लागतंय, आंबट लागतंय, मीठ कळतंय. बाकी समदं पाण्यागत. आमटी खाल्ली काय अन् गरम पाणी प्यालं काय. परवा दूध करपलं, मी तितंच उभी, अन् हे बाहेरनं वरडत आले."

डॉक्टरला दाखवलं होतं. येईल म्हणाले हळूहळू, काहींना उशिरा येतो, काहींना नाही येत. मला का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाली, "सांगून तू काय तितनं वास पाठवणार हायस का?"

नंतर पप्पांनी डेपोतनं वेगळा फोन केला. म्हणाले, ती प्रत्येक वेळी विचारते, बघा हो, बरं झालंय का. आणि मी म्हणतो झक्कास. एकदा आमटी खरंच करपट होती तरी झक्कास म्हणालो, आणि तिला ते माझ्या तोंडावरनं कळलं. त्यानंतर आठवड्यातनं तीन-चार दिवस आम्ही खानावळीतनं डबा आणतो. ती म्हणते, मला कळत न्हाय ते दुसऱ्याला कशाला खाऊ घालू?

हे वाक्य मला झोपू देईना. वास गेला ते गेलाच, पण ती स्वतःच्या हातावरचा विश्वास पण घालवून बसत होती. आपल्या आयांना आपण कितीही म्हटलं की आराम कर, तरी रांधणं सोडलेली माझी आई मला ओळखता आली नसती. तिला पण आली नसती.

मी सुट्टी टाकली आणि एप्रिलच्या भट्टीत सोलापूरला उतरले. माझे डॉर्टमुंडचे सहकारी एप्रिलमध्ये समुद्रावर जातात.

मिरच्या, धने, खोबरं सगळं मीच आणलं. आई म्हणत होती कशाला, कशाला, पण मी आणलेले धने तिनं तळहातावर चोळून बघितले आणि म्हणाली, "जुने दिले तुला. बदलून आण." तिथंच मला जरा धीर आला. नाक गेलं असलं तरी हात होता!

मागच्या ओट्यावर शेगडी मांडली. मी कढईपुढं बसले, आई शेजारी पाटावर. तिनं धन्यांवर तेलाचे थेंब टाकले आणि म्हणाली, "हलवत राहा. वास आला की काढ."

"कसला वास आला की?"

"धन्याचा वास."

"आई, तो तर आत्ता पण येतोय!"

ती हसायलाच लागली. इतकी वर्षं तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनं कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण सांगायची गरजच पडली नव्हती. "बरं, आत्ता कसा येतोय ते सांग मला."

मी नाक कढईवर नेलं. "म्हणजे... नव्या पेठेत दुकानदार कापडाचा नवा गठ्ठा उघडतो ना, तसा."

"कच्चा हाय. हलव."

जरा वेळानं परत विचारलं. मी म्हटलं, "आता गोडसर."

"गोड कसला? शिऱ्यासारखा का शेंगा भाजल्यासारखा?"

"दोन्ही नाही. थांब. मामाकडं वळसंगला कडब्याची गंजी उन्हात तापती ना, दुपारची, तिच्याजवळ गेल्यावर येतो तसा."

"आला. काढ, काढ, लवकर काढ!"

तीळ, खसखस, लवंगा, सगळं असंच. दगडफूल तेलात गेलं तेव्हा मी म्हटलं पप्पांच्या डेपोतल्या युनिफॉर्मसारखा वास येतोय, तर पप्पा आतून ओरडले, "माझ्या कपड्याचं नाव काढू नका!" मिरच्या टाकल्या आणि आम्ही तिघं एकदम खोकायला लागलो, आणि आई खोकता खोकता पदर तोंडाला लावून म्हणाली, "ठसका लागला की मला! बघ, ठसका लागला!" वास नव्हता, पण ठसका होता. एवढी खूश झालेली मी तिला त्या सगळ्या दिवसांत बघितली नव्हती.

आणि मग खोबरं जळलं.

मी बघत होते. वास बदललेला मला कळला होता. गोड होता, मग जड झाला, मग त्याच्यात काहीतरी कडू आलं. पण मी आईच्या तोंडाकडं बघत बसले. ती काढ म्हणेल म्हणून. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, मी काही सांगीन म्हणून.

"काढलं का न्हाईस?"

"तू सांगशील म्हणून."

"मी कशी सांगू गं?"

हे ती रागानं नाही म्हणाली. अगदी हळू म्हणाली. कढईतनं धूर येत होता आणि आम्ही दोघी तशाच बसलो. मग पप्पांनी डोकावून बघितलं आणि म्हणाले, "असू दे की, काळा मसाला हाय, काळाच दिसंल." आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते परत आत गेले.

तिनं जळलेलं खोबरं स्वतः उचलून बाजूला टाकलं, कढई पुसली, नवीन वाटी किसायला घेतली. किसून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "आता मला इचारू नको. तुला वाटंल तवा काढ. कमी झालं तर कमी, जास्त झालं तर जास्त. वर्षभर तेच खाऊ."

ह्या वेळी मी काढलं. तिनं एक कीस बोटात चुरडून बघितला, किती मोडतो ते. मग पुढची वस्तू कढईत टाकली.

खरं सांगायचं तर तो मसाला दरवर्षीसारखा झाला नाही. जरा हलका झाला. मामानं आमटी खाऊन लगेच ओळखलं, "हे आक्काचं माप न्हाय." आणि आईनं सांगितलं, "व्हय. प्रज्ञाचं हाय. गप खा." स्वतः तिनं चटणी घेतली, भरपूर घेतली. खानावळीचा डबा मी निघायच्या आधीच बंद झाला. पप्पांना आता झक्कास म्हणायची बंदी आहे. कसं झालंय ते नीट सांगायचं, काय कमी, काय जास्त, कशासारखं लागतंय. ते बिचारे इंजिनाच्या भाषेत सांगतात. आमटी गरम होऊन बसलीय, भाजी पिकअप घेत नाही. तिला कळतं बरोबर.

इथं परत येऊन आता बरेच रविवार झाले. कॅन्टीनमधल्या बाटल्या मला अजून आवडतात, उगाच खोटं कशाला बोलू. ज्याचं त्याला घेता येतं हे चांगलंच आहे. पण त्या टेबलावर कुणी कुणासाठी काही ठरवत नाही, आणि माझ्यासाठी कुणीतरी ठरवलेलं तिखट मी न विचारता खात आलेय, ते मला तिथं नेहमी आठवतं. आधी मी म्हणायचे घर म्हणजे आईच्या हातची चव. तुम्ही पण म्हणत असाल, गेलेले सगळे आणि तिकडं राहिलेले सगळे. आता त्या चवीचा वास तिला येत नाही आणि तिचं माप मला पूर्ण येत नाही. मग घर तिकडं आहे म्हणू का इकडं? मला वाटतं रविवारी फोन लागतो तेवढा वेळ ते असतं, दोन्ही शेगड्यांच्या मधे कुठंतरी.

कालच्याच रविवारचं सांगते. तेल तापलं, कांदा लाल झाला, मी मसाला टाकला आणि फोन शेगडीजवळ धरला. मार्ता दारात कप घेऊन उभी. तिकडं आई जेवण थांबवून कान देऊन बसलेली, कारण चरचर तिला ऐकू येते.

"कसा येतोय?"

"अजून कोरडा. खडू फळ्यावरनं पुसल्यासारखा."

"थांब मग. हलव."

मी हलवत राहिले. चरचर हळूहळू बारीक झाली, कडेनं तेल दिसायला लागलं, आणि तो वास उठला. त्याला काय म्हणायचं ते मला सुचेना. कशासारखाच नव्हता, त्याच्यासारखाच होता.

"आई, आला."

"कसा?"

"सांगता येत नाही गं. पण आला."

"बरं," ती म्हणाली. "घाल पाणी."